व्याख्येआधी कागद

सोलापूरच्या आमच्या महाविद्यालयात बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला ‘इतिहास संशोधन पद्धती’ हा पेपर अनिवार्य आहे. प्राथमिक आणि दुय्यम साधने, बाह्य परीक्षण (कागद अस्सल आहे का, कोणत्या काळचा आहे हे तपासणे), अंतर्गत परीक्षण (त्यातला मजकूर कितपत विश्वासार्ह आहे हे तपासणे), तळटीपा हे सारे मुले पाठ करतात, चांगले गुण मिळवतात आणि एकही अस्सल कागद हाती न धरता पदवीधर होतात, याची मला अनेक वर्षे खंत वाटत आली आहे. यंदा या पेपरच्या फेररचनेचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्या तासाला व्याख्या नको, कागद हवा, एवढा एकच आग्रह मी धरला.

मागच्या सत्रात एका मोडी पत्राची छायाप्रत वर्गात वाटून पाहिली होती. तीत सन लिहिला होता, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी अंकनामांनी लिहिला जाणारा सुहूर सन, ११७२. हा सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या कागदाला ६००. पत्र फाल्गुनातले होते, तेव्हा इसवी सन १७७१ नव्हे, १७७२, हे मुलांनी फळ्यावर स्वतः मांडून काढले. बाह्य परीक्षण म्हणजे काय, हे त्या दिवशी मला निराळे सांगावे लागले नाही.

अंतर्गत परीक्षणासाठी तर सोलापूरकरांनी दूर जाण्याची गरजच नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. सरकारी कागदांत जी दंगल आहे, तीच आपल्या घराघरांत लढा म्हणून सांगितली जाते. या दोन शब्दांमागे कोण बोलत आहे, कोणासाठी बोलत आहे आणि घटनेनंतर किती काळाने बोलत आहे, हे विद्यार्थ्याने शोधावे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मुलाला हा प्रश्न परका वाटत नाही.

भाषेचा मुद्दा मात्र जुन्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हता, आणि आमच्या शहरासाठी ती फार मोठी उणीव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांतले कागद इथल्या घरांत आहेत. पूर्व भागातील एका विद्यार्थिनीने आजोबांच्या हातमागाची हिशेबवही आणली. वही तेलुगूत होती, कोपरे वाळवीने खाल्लेले होते, आणि मला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. तिने बोट ठेवून सुताचा भाव, मजुरी आणि उसनवारी एकेक करून वाचून दाखवली; वर्ग तासभर तिचा विद्यार्थी झाला होता, आणि मीही.

म्हणून नव्या आराखड्यात निम्मे गुण लेखी परीक्षेला ठेवले आहेत आणि निम्मे एका कागदाच्या अभ्यासाला: तो कोठून मिळाला, कोणी जपला, त्याचा काळ कसा ठरवला आणि त्यातून काय सिद्ध होत नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या वहीत एका रकान्यावर नुसती एक खूण आहे, तिचा अर्थ अजून लागलेला नाही. मुलगी या रविवारी आजीला विचारणार आहे.