पुढची पानं

काल रात्री लेकीबरोबर वाचायचं पुस्तक उघडलं तर खूण आम्ही थांबलो होतो तिथे नव्हतीच, बरीच पुढे गेली होती. विचारलं तर म्हणे, मी आणि सईने बसमध्ये वाचलं, तू वाच ना आई, मी काही सांगणार नाही. एवढंच. एवढ्यावरून मला झोप लागू नये म्हणजे कमालच आहे.

पुस्तक म्हणजे किरण मिलवुड हारग्रेव्हचं 'द गर्ल ऑफ इंक अँड स्टार्स'. नकाशे काढणाऱ्या बापाची लेक इसाबेला, तिची मैत्रीण लूपे ही गव्हर्नरची मुलगी, लूपे बंदी असलेल्या भागात गायब होते आणि ही केस कापून, मुलाच्या वेशात, नकाशा काढायला म्हणून शोधायला निघालेल्या लोकांत घुसते. केस कापेपर्यंत आम्ही दोघी बरोबर होतो. पुढे जंगलात सई आहे, मी नाही. बरोबरच आहे म्हणा, मैत्रिणींची गोष्ट मैत्रिणीबरोबरच वाचणार, तिथे आईचं काय काम. इसाबेलाला तर पुस्तकात आईच नाही. हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं आणि जरा जास्तच लागलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पोरगी स्वतःचं स्वतः वाचतेय, पेढे वाट. ह्यांचं एक असो.

आज दोघींनी ड्रॉइंग शीटवर सोसायटीचा नकाशा काढला. पंपरूमच्या पलीकडे सगळा 'निषिद्ध प्रदेश', बी विंगच्या गच्चीवर लाल खडूने ज्वाळा, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर ठसठशीत अक्षरांत 'गव्हर्नरचा वाडा'. गव्हर्नर कोण हे विचारायची सोयच नाही. सातच्या आत घरात, गच्चीवर जायचं नाही, पंपरूमकडे फिरकायचं नाही, हे रोज कोण ओरडतं? म्हणजे नकाशात मी आहे तर. वाडासुद्धा आहे. आधी वाईट वाटलं, मग हसूच आलं, दोन मजल्यांएवढा काढलाय.

तरी राहवेना, मग मी नैनसिंग रावतचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या त्या मोजणीदाराचा, विषय काढला. १८६५ मध्ये तो चुलतभाऊ मणिसिंगबरोबर तिबेटच्या मोजणीला निघाला, वेश पालटून, प्रत्येक पाऊल मोजत, शंभर पावलं झाली की माळेतला एक मणी सरकवायचा. सई डोळे विस्फारून ऐकत होती. आमच्या कन्येचा प्रश्न एकच, मणिसिंग शेवटपर्यंत होता का? नाही गं, वाटा वेगळ्या झाल्या, ल्हासाला नैनसिंगच पोचला. हे ऐकून दोघींनी एकमेकींकडे असं काही बघितलं की मी गप स्वयंपाकघरात आले.

संध्याकाळी देवघरातली जपमाळ गायब. खालून हाक, आई, नैनसिंगच्या माळेत मणी किती होते? म्हटलं शंभर, हिशेब सोपा पडावा म्हणून मुद्दाम. मग आजीच्या माळेत आठ जास्त आहेत, ते काढू का?

मी पायात चपलाही न घालता पळाले.