टॉवेलचा एलसीए: पाण्याच्या रकान्यात अडकलेलं काम

सोलापूरच्या आमच्या टेरी टॉवेलसाठी युरोपातल्या ग्राहकाने एलसीए, म्हणजे जीवनचक्राचं मूल्यमापन, मागितला आणि ते काम माझ्याकडे आलं. कापसाच्या शेतापासून टॉवेल टाकून देईपर्यंतचा पर्यावरणाचा हिशेब, तोही पीईएफ या उत्पादनाचा पर्यावरणीय ठसा मोजायच्या युरोपीय पद्धतीच्या 16 निकषांवर: कार्बन, पाणी, धूलिकण, जमिनीचा वापर वगैरे. सूत, विणाई, पॅकिंग, जहाज हे सगळं वीजबिलं आणि चलनं हाताशी असली की भराभर उरकतं.

पाण्याच्या रकान्यात मात्र गाडी रुतली. त्याचा राग अजून गेलेला नाही. आमची रुई विदर्भ-मराठवाड्यातली, आणि तिथला बहुतेक कापूस कोरडवाहू. पीईएफमधल्या अवेअर पद्धतीत शेतात मुरलेला पाऊस धरतच नाहीत. विहिरी-कालव्यांतून उपसून खर्च झालेलं पाणी तेवढं धरतात आणि त्याला त्या भागाच्या टंचाईच्या गुणकाने गुणतात. हा गुणक 0.1 पासून 100 पर्यंत जातो. आमच्या फाइलमध्ये मात्र भारतीय कापूस म्हणून देशाची सरासरी बसवलेली होती आणि तिच्यात पंजाब-हरियाणाचा ओलिताचा कापूसही आला. म्हणजे यवतमाळला पावसावर पिकलेल्या कापसाच्या माथी न उपसलेलं पाणी, आणि त्यावर टंचाईचा गुणक!

एलसीए तपासणाऱ्या तपासनीसांना हे लिहिलं. पुरावा द्या म्हणाले. जिनिंगच्या पावत्या पाठवल्या, तर त्यावर गाव आहे पण ओलीत की कोरडवाहू ते नाही, असं उत्तर आलं. बराच काळ काहीच हललं नाही. मध्येच त्यांच्याकडचा माणूस बदलला आणि नव्याने तेच प्रश्न आले. शेवटी सातबाऱ्याने सोडवलं. बारा नंबरात पिकाखालचं क्षेत्र जलसिंचित की अजलसिंचित हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं, सिंचनाचं साधनही असतं. शेतकऱ्यांनी उतारे दिले, आम्ही इंग्रजी करून पाठवले आणि तो आकडा बदलला. कोरडवाहू शेतकऱ्याची बाजू कागदावर नीट मांडली गेली, याचा मला मनापासून अभिमान आहे. तुम्ही हे करणार असाल तर हंगामाआधीच जिनवाल्याशी बोला. एकदा ढीग एकत्र झाला की कुठला कापूस कुणाचा हे कुणीच सांगू शकत नाही.

सोळा रकान्यांऐवजी सगळ्यांचा मिळून एकच गुण मागणारे ग्राहक भेटतील. पीईएफच्या एकत्रित गुणात कार्बनला 21.06 टक्के वजन आहे, पाण्याला 8.51. आम्ही बॉयलरला दगडी कोळशाऐवजी पांढरा कोळसा लावला, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचे ब्रिकेट. कार्बन उतरला, पण धूलिकणांचा आकडा चढला. एकत्रित गुणात तो चढ दिसलाच नसता. बॉयलरवर माणसं उभी असतात, शेजारी वस्ती आहे. म्हणून सोळाही रकान्यांचा तक्ता द्यायचाच, असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

हे आधी सांगायला हवं होतं: शेतीचा बोजा रुई आणि सरकीत कसा वाटायचा ते पहिल्याच बैठकीत ठरवून लेखी घ्या. जिनिंगमध्ये वजनाने रुई साधारण एक तृतीयांशच निघते. शेतीचा बोजा वजनाने वाटला तर रुईवर तिसरा हिस्सा येतो, किमतीने वाटला तर त्याचा बराच मोठा भाग येतो, आणि शेतीशी जोडलेले सगळेच रकाने त्याबरोबर हलतात.

डाइंगला पाण्याचं वेगळं मीटर नसेल तर तेही आताच बसवून घ्या. टँकरच्या पावत्यांवरून डाइंगचं पाणी वेगळं काढता येत नाही.