टॅग चढला, सही अडली

महिला बचत गटांचा हिशेब ठेवणारे एक मुक्त-स्रोत डेस्कटॉप सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून सांभाळतो आणि त्याच्या नव्या आवृत्त्या बाहेर काढण्याची व्यवस्था मी दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावातून पाहतो. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटवर टॅग, म्हणजे नव्या आवृत्तीची खूण, चढला की गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित सेवेवर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवता येणारी फाईल बांधण्याचे काम, आपोआप सुरू होतात. त्यातले लिनक्सचे ॲपइमेज, म्हणजे एकाच फाईलमधले ॲप, मुद्दाम उबुंटू या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर बांधले जाते, कारण ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत घटकाच्या नव्या आवृत्तीवर बांधलेले जुन्या संगणकांवर बहुधा चालतच नाही. माणूस लागतो तो विंडोजच्या सहीला, म्हणजे फाईल आमचीच आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीला. १ जून २०२३ पासून अशा सहीची (कोड सायनिंगची) खाजगी किल्ली, म्हणजे सही करणारा गुप्त संकेत, प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. आमची किल्ली यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या उपकरणात, आहे आणि ते टोकन माझ्या घरी असते.

वैशाखात आम्ही वापरत असलेल्या एका लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) सुरक्षात्रुटी तातडीने दुरुस्त करायची होती. नागपूरच्या सहकाऱ्याने सकाळीच टॅग चढवला, तिन्ही बिल्ड झाले आणि काम सहीपाशी थांबले. आमच्याकडे वादळाने आदल्या संध्याकाळीच लाइन गेली होती. इन्व्हर्टर आणि लॅपटॉप दोन्ही बसले होते. स्वयंचलनाविषयी लिहिणारे सगळे जण वीज गृहीत धरतात.

सहकाऱ्याचा फोन आला, “भाऊ, या वेळी बिनसहीचीच टाकून देऊ.” घाईत असा सल्ला देणारा तो पहिलाच नव्हे. पण प्रकाशकाचे नाव जुळल्याशिवाय आमचा अपडेटर नवी आवृत्ती बसवतच नाही, आणि ज्या सचिवताईंना “अज्ञात प्रकाशक” दिसताच थांबायला आम्हीच शिकवले, त्यांना आता पुढे जा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

शेतीपंपांचा फीडर गावठाणाहून वेगळा असल्याने वावरातल्या मोटारीच्या खोलीत लाइन होती. तिथे लॅपटॉप लावून मोबाइलच्या नेटवर फाईल उतरवली. इथला क्रम मी हट्टाने बसवलेला आहे: आधी सही, मग टाइमस्टॅम्प (सही कधी झाली याचा नेटवरून मिळणारा शिक्का), त्यानंतरच चेकसम (फाईल बदललेली नाही हे पडताळण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा), कारण सहीमुळे फाईल बदलते आणि आधी काढलेला चेकसम अपडेटरला दिला तर प्रत्येक संगणकावरचे अपडेट फसते. टाइमस्टॅम्प नसलेली सही आज चालते, पण प्रमाणपत्राची मुदत संपताच ती निकामी होते. म्हणून टाइमस्टॅम्प नसेल तर माझी स्क्रिप्ट पुढे जात नाही. त्या दुपारी नेट तुटत राहिल्याने ती पुन्हापुन्हा थांबली आणि मी तिला थांबू दिले. आवृत्ती बाहेर पडली तेव्हा ऊन उतरले होते.

आता सहकाऱ्याचे म्हणणे असे की किल्ली क्लाउडवरच्या हार्डवेअरमध्ये हलवावी. ते मला पटते. मात्र तसे केल्यास सहीही आपोआप होणार, म्हणजे ज्याला टॅग चढवता येतो त्याला आमच्या नावाने सहीही करता येईल. म्हणून सहीच्या टप्प्याला दुसऱ्या सांभाळणाऱ्याची मंजुरी सक्तीची करावी, ही माझी अट आहे. एवढ्याशा गटाला ही कटकट कशाला, असे त्याला वाटते, आणि टोकन अजून माझ्याकडेच आहे.