खारं पाणी कुठल्या खात्यात?

उरण-भांडुपची मिठागरं पाहिली असतील, तर चिलीतल्या सालार दे आताकामाचं काम पटकन कळेल. फक्त सगळं उलटं. मिठागरात मीठ ओढून घेतात आणि उरलेलं कडू पाणी सोडून देतात. इथे मिठाचे ढीग बाजूला पडतात आणि धंदा चालतो तो उरलेल्या पाण्यातल्या लिथियमवर. समुद्रसपाटीपासून २,३०० मीटर उंचीवर सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचं मिठाचं पठार. त्याच्या पोटातली मिठवणी, म्हणजे अतिखारं पाणी, पंपाने उपसून उथळ तलावांत १२ ते १८ महिने आटवतात. निळसर पाणी हिरवट होतं, मग पिवळं. लिथियम सहा टक्क्यांच्या आसपास पोचलं की टँकर आन्तोफागास्ताच्या वाटेला लागतात.

वाळवंटाच्या राजकीय परिस्थितिकीवर (निसर्गातल्या साधनांवर सत्ता कुणाची, याच्या अभ्यासावर) पीएचडी करायला येणारे पहिल्यांदा या तलावांचे फोटो काढतात. आधी कायदा वाचलेला बरा. चिलीच्या १९८१च्या जलसंहितेने पाणी जमिनीपासून सोडवलं. हक्क लिटर प्रति सेकंदात मिळतो आणि जमीन न विकता विकता येतो. (पुरंदरच्या पाणी पंचायतीतही पाणी जमिनीला बांधलेलं नव्हतं, पण तिथे ते माणशी वाटलं, बाजारात नेलं नाही.) २०२२च्या दुरुस्तीने पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला, नव्या हक्कांना ३० वर्षांची मुदत घातली. मिठवणी मात्र या कायद्यात येतच नाही. ती खनिजात मोडते. त्यामुळे ‘प्रकल्पाने पाणी किती वापरलं?’ या प्रश्नाला मिठवणी धरून एक आणि सोडून एक अशी दोन उत्तरं मिळतात, आणि कागदावर दोन्ही खरी असतात.

हक्कांची सरकारी नोंद सगळ्यांना बघता येते. तिच्यातले लिटर म्हणजे वाहणारे लिटर धरले, की प्रबंध पहिल्याच प्रकरणात घसरतो. प्रवाह वेगळा मोजावा लागतो.

दुसरी चूक विहिरींवर होते. पठाराच्या कडेला अँडीजकडून येणारं गोडं पाणी जड मिठवणीवर तरंगतं. लगुना (उथळ तळी) आणि फ्लेमिंगो आहेत ते याच पट्ट्यात. मिठवणीची घनता १.२च्या आसपास, म्हणजे तिचा १० मीटरचा स्तंभ गोड्या पाण्याच्या १२ मीटरइतका दाब देतो. दोन विहिरींच्या पातळ्या घनतेचा हिशेब न करता ताडून पाहिल्या, तर प्रवाहाची दिशाच उलटी निघू शकते. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारेपणा सांगणारा साधा चालकता-मापकही इथे हात टेकतो. समुद्राच्या पाण्याचं वाचन सेंटिमीटरला ५० मिलिसीमेन्सच्या आसपास असतं, मिठवणी त्याच्या कितीतरी वर जाते. सोबत घनता मोजणारा हायड्रोमीटर असू द्या.

मुलाखतींचं वेगळंच. पेइने, तोकोनाओ, सोकाइरे या लिकान-अंताय (इथल्या मूळ रहिवाशांच्या) गावांची सभा ज्याची त्याची. स्पॅनिशमधून पत्र द्या, प्रश्नावली जोडा, निष्कर्ष गावाला कधी आणि कसे परत देणार ते लिहा, मग थांबा. एका सभेची परवानगी शेजारच्या गावात चालत नाही. होकार आला की आधी पाण्याची पाळी लावणाऱ्याला भेटा, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्याला. पाळी किती तासांची आणि किती दिवसांनी येते ते विचारा. सोकाइरेत ऑक्टोबरच्या अखेरीस पाट साफ करायचा विधी असतो. त्या आठवड्यात मुलाखती लावू नका. बोलावलं तर फावडं घेऊन जा.