तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कुठवर आलात?’

पुस्तक परत घेताना मी ‘आवडलं का?’ असं विचारत नाही. ‘कुठवर आलात?’ असं विचारते. हे असं का, हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. एक काका तर चिडलेच होते. “ताई, मी काय शाळेत आहे का, धडा कुठवर झाला ते सांगायला? वर्गणी भरतो मी.” वर्गणी ते वेळेवर भरतात, हे खरं आहे. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात मी २१ वर्षं काउंटरवर बसते आहे. सुरुवातीला हौसेने एक अभिप्रायवही ठेवली होती. लाल पुठ्ठ्याची, पेनाला दोरी बांधलेली. तीन वर्षांत ती भरली. ‘छान.’ ‘अप्रतिम.’ ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे.’ ‘संग्राह्य.’ पूर्ण वहीत उपयोगाचा अभिप्राय एकच निघाला : ‘पाने सुटली आहेत, बाइंडिंग करावे.’

त्या वहीवर विसंबून मी एक घोळ केला. अध्यात्मावरच्या एका जुन्या पुस्तकाबद्दल एकाने लिहिलं होतं, ‘जगण्याकडे बघण्याची दृष्टीच बदलली.’ ते वाचून मी ते पुस्तक एका बाईंना दिलं. त्यांनीही आठवड्याने परत आणलं, म्हणाल्या, “फारच सुंदर हो.” मग बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना दिलं. ते दुसऱ्याच दिवशी काउंटरवर. “ताई, ब्लेड आहे का? सोळाव्या पानापुढे पुस्तक उघडतच नाही.” बघितलं तर खरंच. पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीची १६ पानं, तेवढा कापलेला, पुढची सगळी पानं कडेला तशीच जोडलेली, छापखान्यातून आली तशी. म्हणजे दृष्टी बदलली ती १६ पानांत, आणि सौंदर्यही तेवढ्यातच आटोपलं. मला हसू आलं, आणि लाजही वाटली, कारण शिफारस माझी होती. ती वही मी त्या दिवशी माळ्यावर टाकली. तेव्हापासून ‘कुठवर आलात?’

या प्रश्नाला लोक खोटं बोलत नाहीत असं नाही, पण खोटं बोलायला जरा वेळ लागतो. आणि जिथे थांबले ते सांगताना माणूस का थांबलो तेही सांगून जातो. मला त्यातच रस आहे.

आमच्याकडे कथा-कादंबऱ्या सर्वांत जास्त जातात, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आवडली तर संपते, नाही तर तशीच परत येते. मौज असते ती इतिहास, अध्यात्म आणि गणित या तीन ठिकाणी. गणिताला पूर्ण कपाटही नाही, खिडकीखालचा अर्धा कप्पा आहे. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे : इतिहासाचा वाचक अडला की लेखकावर चिडतो, अध्यात्माचा वाचक अडला की कुणाला कळू देत नाही, आणि गणिताचा वाचक अडला की स्वतःवर चिडतो.

इतिहासापासून सांगते. आमच्याकडे शिवचरित्राची एक जुनी प्रत आहे, पानं पिवळी पडलेली. तिच्यात जन्मतिथीच्या पानावर समासात पेन्सिलीने एक भांडण चालू आहे. मजकुरात आहे ‘शके १५५१, फाल्गुन वद्य ३’ आणि पुढे इसवी सन १६३०. शेजारी एकाने लिहिलंय : ‘१५५१ + ७८ = १६२९. लेखकाला बेरीज येत नाही!’ उद्गारचिन्ह इतकं दाबून काढलंय की मागच्या पानावर उमटलंय. त्याखाली दुसरं, बारीक, तिरकं अक्षर : ‘फाल्गुन आहे. ७९ मिळवा.’

बरोबर हे दुसरं अक्षर. शकात ७८ मिळवायचे हे आपल्याला शाळेत सांगतात, पण शक सुरू होतो चैत्रात. पौषाच्या आसपास इंग्रजी साल बदलतं, त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. ज्ञानेश्वरीच्या शके १२१२ चं १२९० सरळ ७८ ने निघतं, इथे निघत नाही. पुढे तिसऱ्या कुणीतरी, बहुधा शाईच्या पेनाने, भर घातली आहे : ‘आणि १९ फेब्रुवारी ही जुन्या गणनेची तारीख. आजच्या कॅलेंडरात १ मार्च.’ तेही खरं आहे. त्या शतकात ज्युलियन आणि ग्रेगरियन या दोन गणनांमध्ये दहा दिवसांचं अंतर होतं. त्याखाली मग पहिलं अक्षर परत आलंय. एवढंच : ‘मान्य.’

पुण्यात समासात ‘मान्य’ लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

एरवी इतिहासाचा वाचक घरूनच मत घेऊन येतो, पुस्तक हे साक्षीदार म्हणून हवं असतं. साक्ष उलटी गेली की ‘लेखक विकला गेलेला आहे’ असं सांगून पुस्तक काउंटरवर आपटतो. कुठवर आलात विचारलं की कळतं, प्रस्तावनेतच थांबले होते. जन्मतिथीचंच बघा ना. तारखेची शिवजयंती आणि तिथीची शिवजयंती यावरून तावातावाने बोलणारे चार जण मला ठाऊक आहेत. आधी वैशाख शके १५४९, म्हणजे १६२७, हे साल चालत असे, आणि १५५१ ला बळ आलं ते टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलेल्या जेधे शकावलीमुळे, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींमुळे, हे त्या चौघांपैकी एकालाच माहीत होतं. हा एक माणूस परिशिष्टं वाचतो. त्याचं मत मी ऐकते. बाकी तिघांचं मला तोंडपाठ आहे.

अध्यात्माच्या कपाटाशी प्रकार उलटा. तिथे नावडलेलं पुस्तकच नाही. ज्ञानेश्वरी परत करताना ‘जमली नाही’ असं म्हणणारा मला अजून भेटायचाय. सगळ्यांना ‘अमृत’ वाटते. मात्र ज्या माणसांनी ती खरोखर वाचली, त्यांची मतं फार वेगळ्या जातीची असतात. आमच्याकडे एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या, घरी पोथी असूनही मोठ्या टायपातली सार्थ प्रत न्यायला. त्यांना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “सहाव्यात अडते गं दर वेळी. कुंडलिनीच्या ओव्या आल्या की नुसती वाचत जाते, कळत काही नाही. बाराव्यात गेले की हायसं वाटतं.” किती पारायणं झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या एका वाक्यानंतर मी नव्या माणसाला ज्ञानेश्वरी देताना सांगू लागले, सहाव्यात अडलात तर पुस्तक मिटू नका, पुढे जा. आजवर लाल वहीतल्या कुठल्याच ‘अप्रतिम’ने मला असं काही देऊ केलं नव्हतं.

आणि भक्तीत चिकित्सा बसत नाही म्हणणाऱ्यांना मी एकनाथांची आठवण करून देते. शके १५०६ म्हणजे १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती का? तर तीनशे वर्षांत वाचणाऱ्यांनी आणि उतरवून घेणाऱ्यांनी पाठ बिघडवून ठेवले होते. प्रती जमवून, ताडून पाहून त्यांनी काम केलं आणि शेवटी बजावलं की यात जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. काउंटरमागे बसून मला हे फार पटतं. आमच्या ग्रंथांच्या समासात इतक्या नरोट्या आहेत!

टिळकांचं गीतारहस्य हाही मला एका वाचकाचा अभिप्रायच वाटतो, जरा लांबलेला. गीतेवरची भाष्यं वाचली, संन्यासपर अर्थ पटला नाही, आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने वह्या भरल्या. १९१५ साली ते पुण्यात छापलं गेलं. त्यांचं आणखी एक विसरलं जातं : हा माणूस गणित शिकवायचा. वेदांच्या काळासाठी नक्षत्रांचं गणित मांडायचा, पंचांगाच्या वादात उतरायचा, शकावली छापायचा. आमच्या कपाटांवरच्या तीन पाट्या त्यांच्यासाठी एकच होती. आमच्याकडचं गीतारहस्य मात्र मध्ये जिथे खूण ठेवून परत येतं, ती जागा गेली दहा वर्षं हललेली नाही. बसचं तिकीट आहे खूण म्हणून. मी ते काढलेलं नाही.

आता गणित. इथे लोक मत देतच नाहीत, माफी मागतात. “माझ्या डोक्यावरून गेलं,” “आमचं गणित पहिल्यापासूनच कच्चं.” पुस्तक वाईट लिहिलेलं असू शकतं, एखादी पायरी लेखकाने गाळलेली असू शकते, ही शंकाच कुणाला येत नाही. इतिहासाच्या लेखकाला पहिल्या पानावर विकून टाकणारे लोक इथे कसे एकदम नम्र होतात!

मी स्वतः लीलावतीच्या भुंग्यांपाशी अडले होते. भास्कराचार्यांचं ११५० सालचं गणित : थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले, उरली एक जोडी, तो कमळात अडकलेला आणि ती बाहेर गुणगुणणारी. एकूण किती? पुस्तकाने उत्तर दिलं ७२ आणि पुढचं गणित सुरू केलं. मी दोन दिवस स्वतःला ढ समजत होते. मग बिलाच्या पाठीवर मांडलं : ७२ चे निम्मे ३६, मूळ ६, आठ-नवमांश ६४, जोडीचे २. जुळलं. पण हा पडताळा झाला, ७२ काढायचे कसे ते अनुवादकाने दिलंच नव्हतं. त्याची चूक, माझी नाही, हे मान्य करायला मला आणखी एक दिवस लागला.

गेल्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा कापरेकरांवरचं छोटं पुस्तक परत करायला आला. कापरेकर म्हणजे डहाणूत जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे. त्यांचा ६१७४ प्रसिद्ध आहे : चार अंकी कुठलाही आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तराला पुन्हा तेच, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. मी विचारलं, “कुठवर आलास?” तो म्हणाला, “पुस्तक झालं, पण मी इतिहासातली सालं घालून बघतोय.” आणि कागद पुढे केला. १६७४, राज्याभिषेकाचं साल : ७६४१ वजा १४६७, एका पायरीत ६१७४. १६३० : ६३१० वजा ०१३६, परत ६१७४. पानिपतच्या १७६१ ला मात्र पाच पायऱ्या.

मागे ते वर्गणीवाले काका उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. “अरे, हा संकेत आहे! जन्म आणि राज्याभिषेक, दोन्ही एका पायरीत, आणि पानिपताला पाच! बाळ, हे छापून आलं पाहिजे.” बघता बघता इतिहास, अध्यात्म आणि गणित एकाच कागदावर आले आणि काउंटरवर रांग थांबली.

मुलगा म्हणाला, “काका, १७६४ पण घालून बघा.”

“त्या साली काय झालं?”

“बक्सर. इंग्रज जिंकले.”

अंक तेच, १, ७, ६, ४, तेव्हा उत्तर वेगळं येणारच नव्हतं. मुलाने पुढे समजावलं : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांत ६ चा फरक आणि मधल्या दोघांत २ चा, की पहिल्याच वजाबाकीत ६१७४. साल कुणाचं आहे ते आकड्याला कळत नाही. काकांनी कागद परत दिला, थोडे हिरमुसले होते. पण त्या दिवशी शिवचरित्राऐवजी ते खिडकीखालच्या कप्प्याकडे वळले आणि तेच कापरेकरांचं पुस्तक घेऊन गेले. पंधरवड्याने आले तेव्हा मी काही विचारायच्या आत म्हणाले, “बावीसाव्या पानावर आहे. मुदत वाढवून द्या. आणि दंड लावू नका.”

दंड लावला. नियम आहे.

तर हे असं. राहता राहिली ती समासातल्या भांडणाची प्रत. तिची शिवण पार सुटली आहे, आणि कार्यकारिणीतले सदस्य प्रत्येक बैठकीत विचारतात की ती बाइंडिंगला का दिली नाही. दिली की बाइंडर कडा सरळ करायला समास कापणार, आणि ‘७९ मिळवा’ आणि ‘मान्य’ दोन्ही त्याच्या टेबलाखालच्या कचऱ्यात जाणार. म्हणून मी ती सुतळीने बांधून काउंटरच्या खणात ठेवली आहे. मागितलीत तर मिळेल. पेन्सिल घरी ठेवून या.