पलंगाखालची पेटी: झाकण अर्धं, भार चौथाई

इथे जर्मनीत कारच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि बहुतेक मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, रिकामी असतानाच ३,००० किलोच्या आसपास भरते. उरलेल्या चार-पाचशे किलोत माणसं, पाणी, गॅस, भांडी, अंथरुण-पांघरुण सगळं बसवायचं. शंका आली की पोलीस गाडी काट्यावर चढवतात, आपल्याकडे जिनिंगच्या काट्यावर कापसाची बंडी चढते तशीच. जास्त भरलं तर दंड. सुरुवातीला हा नियम फार जाचतो. पण त्यामुळे प्रत्येक वस्तू तोलून बघायची सवय लागते, आणि ती सवय पलंगाखालच्या पेटीला जितकी उपयोगी पडते तितकी दुसऱ्या कशालाच नाही.

गावाकडे दिवाण म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं कपाट. सतरंज्या, वाकळा, पाहुण्यांच्या गाद्या, पितळी गुंड, सगळं त्यात. उघडायचं म्हटलं की गादी गुंडाळा, १९ मिलिमीटरची प्लाय दोघांनी धरून उचला. माय एकटी घरी असली तर तो उघडतच नाही. यात वाढईचा दोष नाही. त्याला कोणी वेगळं सांगितलंच नाही. आणि इथलेही काही फार पुढे गेलेले नाहीत. पाऊण कोटीच्या मोटरहोममध्येही कित्येकदा दोन मीटरचा अख्खा पलंग उचलून खाली एक दांडी टेकवायची, एवढीच सोय असते.

खरा घोळ लांबीचा आहे. समजा पलंग २०० बाय १४० सेंटिमीटर, गादी आणि फळी मिळून ३० किलो, बिजागऱ्या डोक्याच्या बाजूला. पायाकडची कड उचलताना हाताला १५ किलो लागतात, आणि बिजागरीभोवतीचा भार, म्हणजे झाकण फिरवायला लागणारा जोर, होतो साधारण २९४ न्यूटन-मीटर. आता झाकण कापा. डोक्याकडचे १२० सेंटिमीटर पक्के ठोका, पायाकडचे ८० सेंटिमीटर तेवढे उघडू द्या. उचलायचं वजन १२ किलो, कडेला हाताला ६, आणि भार ४७. लांबी कमी झाली की वजनही घटतं आणि तरफही आखूड होते, म्हणून लांबी निम्मी केली तर भार चौथाईवर येतो. डोक्याकडच्या भागात वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू पुढून सरकवायच्या, रोजच्या वस्तू झाकणाखाली.

कापलेल्या जागी खाली आडवी पट्टी हवीच, आणि १४० सेंटिमीटर रुंदीला मधोमध एक पाय. तो विसरला तर महिनाभरात प्लाय लवते आणि झाकण अडकायला लागतं. फळीला १२ मिलिमीटरची हलकी प्लाय पुरते.

आता झाकण उचलून धरणारा पंप. फर्निचरच्या दुकानात ज्याला हायड्रॉलिक म्हणतात तो खरं तर गॅसचा असतो. आत दाबाखालचा नायट्रोजन, आणि सील ओलं राहावं व झाकण शेवटी हळू थांबावं म्हणून थोडंसं तेल. नळीवर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. इथे दुकानात माणूस आकडा सांगूनच पंप मागतो, ही गोष्ट मला मनापासून आवडते. आकडा काढायला बॅग तोलायचा हुकवाला काटा पुरेसा आहे. गादी-चादरीसकट झाकणाच्या मोकळ्या कडेला हुक अडकवा, कड जेमतेम उचलली जाईपर्यंत ओढा, आकडा वाचा. किलो गुणिले ९.८१ गुणिले झाकणाची लांबी मीटरमध्ये, हा झाला भार. झाकण वर आल्यावर बिजागरीपासून पंपाच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर जितकं, त्यानं भार भागायचा; ते १२ सेंटिमीटर धरलं तर वरच्या ४७ च्या भाराला दोन पंपांना मिळून सुमारे ३९० न्यूटन, म्हणजे एकेकाला २०० लागतात. थोडी सूट ठेवून २५० चे दोन घ्या.

त्याहून मोठे घेऊ नका. बहुतेकांची चूक इथेच होते. पंप जोरदार असला की झाकण खाली बसत नाही, प्लाय मधे फुगते, बिजागरीचे स्क्रू उपटतात. गादी काढून ठेवली की झाकण आपोआप वर येतं. बंद असताना पंपाची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून गेली पाहिजे, म्हणजे तो झाकण ढकलत नाही. पहिले दहा-पंधरा सेंटिमीटर हातानं उचलायचे, पुढचं पंप सांभाळतो. झाकण बंद असताना पंपाचा चकचकीत दांडा खाली आणि नळी वर असावी; तेल सीलपाशी राहतं, पंप जास्त टिकतो. उलटा लावला तर सील कोरडं पडून गॅस गळतो.

हवामानाचाही हिशेब आहे. छापलेली ताकद २० अंशांची असते आणि दर १० अंशांना ती तीनेक टक्क्यांनी बदलते. २५० चा पंप इथे शून्य अंशाला २३३ वर येतो, तोच आपल्याकडे वैशाखात ४५ अंशांना २७१ वर जातो. म्हणून झाकण मेमध्ये हलकं आणि डिसेंबरात जड वाटतं. पंप बिघडलेला नसतो.

पंपाचा पाय प्लायच्या कडेत स्क्रूनं बसवू नका, तो सुटणारच. मागे लोखंडी पट्टी देऊन आरपार ६ मिलिमीटरचे बोल्ट लावा. आत डोकं घालून काम करायचं असेल तर पंप कितीही नवा असो, दांडी टेकवाच.

ड्रॉवरबद्दल माझं मत चांगलं नाही. चॅनल आणि खोका मिळून पुष्कळ वजन खातात, जागाही जाते. लावायचाच तर कुलूप पडणारं चॅनल घ्या, नाहीतर ब्रेक लागला की भरलेला ड्रॉवर बाहेर येतो. त्यापेक्षा संत्र्याच्या मंडीतले प्लास्टिक क्रेट बरे. दोरीचा कान बांधला की ओढून निघतात. जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या आखाजवळ. मागच्या चाकांच्याही मागे वजन ठेवलं तर ते मागच्या आखावर स्वतःपेक्षा जास्त पडतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

फळीला तीन-तीन सेंटिमीटरची भोकं पाडा. इथल्या थंडीत अंगाच्या वाफेचं गादीखाली पाणी होतं आणि बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात ओल येते. जमिनीवरच्या दिवाणाला उधईसाठी तळही दोन बोटं वर ठेवा. मोटरहोमच्या तळात गॅससाठी जाळी असेल तर ती कधीही झाकू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खालूनच निघतो.

गादीत मात्र आपण वरचढ आहोत. इथली फोमची गादी झाकणासोबत दुमडताना अडते आणि हाताला जास्त जोर लागतो. आपली कापसाची गादी सहज वाकते. त्याहूनही बरं, गादीवाल्याला सुरुवातीलाच दोन तुकडे भरायला सांगा, १२० आणि ८० चे. जोड मांडीखाली येतो, कमरेखाली नाही, त्यामुळे झोपताना टोचत नाही. धाकट्या तुकड्याला खालून दोन नाड्या शिवून घ्या आणि त्या फळीच्या भोकांतून ओवून बांधा, म्हणजे झाकण वर गेलं तरी गादी घसरत नाही.