दिवाळीच्या गर्दीत भोपळ्यांचा सूट

२०१६ ला लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी पाडव्यालाच हॅलोवीन, म्हणजे इथला भुताखेतांचे वेष घालायचा, भोपळ्यांचा सण. न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारा तो आठवडा काय असतो ते. ब्लाउजचे ढीग, फॉल-पिको, कोणाचा घागरा कंबरेत सैल तर कोणाची शेरवानी खांद्यात घट्ट, आणि सगळ्यांना शुक्रवारीच पाहिजे. अशात सोमवारी एक गोरा मुलगा आमच्या दुकानात आला, तिशीचा असेल, शाळेत सायन्स शिकवतो म्हणाला, एका हातात कुठूनतरी स्वस्तात घेतलेला वापरलेला काळा सूट आणि दुसऱ्या हातात भोपळ्यांच्या प्रिंटचं कॉटनचं कापड. हे भोपळे या सूटवर लावून द्या, सगळीकडे, पॅन्टवर पण, शनिवारपर्यंत.

आमच्या मास्टरजींनी, म्हणजे शिंप्यांनी, सरळ नाही म्हणून मान हलवली. मग त्या मुलाने फोन काढला आणि सॅटर्डे नाइट लाइव्ह या विनोदी कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला.

सॅटर्डे नाइट लाइव्ह माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरमध्ये स्टुडिओ ८-एच आहे, तिथून १९७५ पासून शनिवारी रात्री साडेअकराला हा कार्यक्रम लाइव्ह जातो, दर आठवड्याला पाहुणा नवीन. २२ ऑक्टोबरला टॉम हँक्स होता आणि लेडी गागा गायला. त्यात एक स्किट, भुताच्या लिफ्टची राइड, शंभर मजले, लिफ्टमन केनन थॉम्पसन, आतलं जोडपं म्हणजे केट मॅकिनन आणि बेक बेनेट. दार उघडतं, काहीतरी भयानक दिसतं, ती दोघं किंचाळतात. पुढच्या मजल्यावर दार उघडतं तर टॉम हँक्स, अंगात भोपळेच भोपळे असलेला सूट, केसात पांढरी बट, दोन्ही बाजूला सांगाड्याचे कपडे घातलेले दोघं, कंबर हलवून नाचतात आणि हा विचारतो, एनी क्वेश्चन्स? नाव डेव्हिड एस. पम्पकिन्स. हा कोण, याला का घाबरायचं, काही पत्ता नाही. शंभरातल्या ७३ मजल्यांवर हाच! ते सांगाडे म्हणजे मायकी डे आणि बॉबी मॉयनिहन, आणि स्ट्रीटर सायडेलबरोबर हे लिहिलंय पण त्यांनीच.

मी उभ्या उभ्या परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा मी फक्त सूट बघत होते. खांदे कसे बसलेत, बाही कुठे संपते, पॅन्टचा फॉल कसा पडतो. माझं मत तेव्हाच झालं आणि ते आजही तेच आहे, की हसू त्या भोपळ्यांमुळे येत नाही, तो माणूस तो सूट एवढ्या रुबाबात घालून उभा आहे म्हणून येतं. ढगळा जोकरचा ड्रेस असता तर कोणी बघितलं नसतं. आपल्याकडे चला हवा येऊ द्या मध्ये भाऊ कदम साडी नेसून यायचा तेव्हा पण असंच, साडी व्यवस्थित नेसलेली असली तरच मजा.

आणि अजून एक गोष्ट. या कार्यक्रमाचं लिखाण मंगळवारी रात्रभर चालतं, बुधवारी सगळे बसून वाचतात, त्यातून स्किट निवडतात, आणि शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. म्हणजे त्यांच्या कपडेपटाच्या हातात बुधवार रात्र ते शनिवार, बस. मी मास्टरजींना म्हटलं, तिथली माणसं दर आठवड्याला एवढ्या वेळात अख्खा शो उभा करतात, आपण एक सूट करूया. ते काही बोलले नाहीत पण टेप घेऊन त्या मुलाची मापं घ्यायला लागले.

काम म्हणाल तर किचकट. आधी खांदे आणि कंबर त्याच्या मापाला आणली. मग कापडातले भोपळे एकेक कापून काढले, मागे चिकटणारी जाळी लावून इस्त्रीने बसवले, सूट पॉलिस्टरचा, त्यावर डायरेक्ट इस्त्री ठेवली की चकाकी येते म्हणून वर ओलं कापड ठेवायचं. कोट आधीच शिवलेला, वरून मशीन मारली तर अस्तर पण शिवलं जाणार, म्हणून खालून अस्तर उसवलं, बाह्यांची एक शिलाई उघडली, आणि मग प्रत्येक भोपळ्याच्या कडेने बारीक झिगझॅग. सगळ्यात वेळ खाल्ला जागा ठरवण्याने. खडूने खुणा करून कोट हँगरला लावायचा, लांबून बघायचा, पुसायच्या, परत करायच्या. खिशाच्या झाकणावरचा भोपळा खालच्या अर्ध्या भोपळ्याशी जुळला पाहिजे, कॉलरच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, आणि समोर बटण लावल्यावर एकही भोपळा अर्धा कापलेला दिसता कामा नये. मास्टरजींनी आयुष्यभर शेरवान्यांची बुट्टी जुळवली आहे, ती नजर इथे कामाला आली.

शनिवारी, नरकचतुर्दशीला, दुकान खचाखच भरलेलं असताना तो ट्रायलला आला. आरशासमोर उभा राहिला, कोट खाली ओढून नीट केला, आणि तीच कंबर हलवून तेच विचारलं. ब्लाउज न्यायला आलेल्या एक गुजराती बा, त्यांनी ना कार्यक्रम बघितलेला ना टॉम हँक्स माहीत, त्या एवढ्या हसल्या की खुर्चीत बसल्या. मास्टरजी हसले नाहीत. ते त्याच्याभोवती फिरून पाठीची शिवण बघत होते आणि मग हळूच म्हणाले, फिटिंग बराबर है.

हॅलोवीन सोमवारी होतं, तो शाळेत तोच सूट घालून गेला, मुलांनी लगेच ओळखलं असं त्याने नंतर येऊन सांगितलं.

पुढच्या वर्षी या पात्रावर ॲनिमेशनचा स्पेशल आला आणि २९ ऑक्टोबर २०२२ ला टॉम हँक्स परत तोच सूट घालून कार्यक्रमात आला. त्यानंतर आमचा सायन्सवाला पण सूट घेऊन हजर, आता कंबर सैल करून पाहिजे होती. मागची शिवण सोडली की तिथले भोपळे मधूनच फाकणार, म्हणून ते उसवून काढले आणि जुन्या कापडाचा तुकडा मी जपून ठेवला होता, त्यातून नवीन कापून लावले.